भिंती हलतात, डक्ट हलत नाही: बदलता येणारे फ्लॅट आणि सगळ्यांचं अंगण

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली १९८०च्या दशकातली तीन मजली सोसायटी, २४ फ्लॅट, साधारण १,९०० चौरस मीटरचा प्लॉट. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, नवीन इमारत स्टिल्टवर (म्हणजे तळाला नुसते खांब आणि पार्किंग) सात मजले होईल आणि फ्लॅट ४५च्या आसपास जातील. सभासदांत एकटे राहणारे ज्येष्ठ आहेत, लहान मुलांची घरं आहेत, काहींना एक खोली भाड्याने द्यायची आहे. सगळ्यांचं म्हणणं, घराची आतली रचना पुढे गरजेप्रमाणे बदलता यावी आणि सध्याचं अंगण जाऊ नये. बिल्डर म्हणतो, ‘भिंती काय, नंतर कधीही पाडा.’ यावर विसंबावं का, आणि करारात काय लिहून घ्यावं?

विसंबू नका. बिल्डर खोटं बोलतोय असं नाही, पण प्रश्न भिंतींचा नाहीच. मधली भिंत पाडायला दोन दिवस लागतात. ती पाडल्यावर वर लोंबणारा बीम, भलत्या जागी आलेली खिडकी, पंख्याचा हुक आणि पाण्याचा पाईप यांचं काय करणार, हा खरा प्रश्न आहे. या चार गोष्टी पहिला स्लॅब टाकण्याआधी ठरतात आणि नंतर आयुष्यभर तशाच राहतात. जॉन हाब्राकेन या डच वास्तुविदाने १९६१ मध्ये हाच विचार मांडला होता: इमारतीचा सांगाडा सगळ्यांनी मिळून ठरवायचा आणि दीर्घकाळ टिकवायचा, आतली भर ज्याची त्याने ठरवायची आणि हवी तेव्हा बदलायची. जपानमध्ये ओसाका गॅस कंपनीने १९९३ मध्ये १८ घरांची नेक्स्ट ट्वेंटीवन ही इमारत याच तत्त्वावर उभी केली. आपल्याकडे तेवढा खर्च परवडणार नाही, पण सांगाडा आणि भर वेगळी ठेवायची शिस्त परवडते.

पुढचं सगळं प्लॉटची दिशा, पार्किंगची संख्या आणि बांधकामाची पद्धत यावर अवलंबून आहे, त्यामुळे माझे आकडे सुरुवात म्हणून घ्या. अंतिम आकडे तुमचे आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट (सांगाड्याचा हिशेब करणारा इंजिनियर) देतील.

सगळ्यात आधी बिल्डरला एकच गोष्ट विचारा: काम मायवानने करणार का? म्हणजे अॅल्युमिनियम शटरिंग लावून भिंती आणि स्लॅब एकदम ओतणार का? ही पद्धत वेगवान आहे, फिनिशिंग चांगलं येतं, म्हणून हल्ली सर्रास वापरतात. पण त्यात आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या होतात आणि बहुतेक वेळा त्या इमारतीचा भार किंवा भूकंपाचा जोर घेत असतात. अशा घरात दोन खोल्यांची एक खोली करणं विसरा, साधं दार सरकवायलाही स्ट्रक्चरल कन्सल्टंटची परवानगी लागेल, आणि ती बहुधा मिळणार नाही. पद्धत वाईट नाही. फक्त करारात लिहून घ्या की काँक्रीटच्या भिंती बाहेरच्या बाजूला, दोन फ्लॅटच्या मधे, जिना, लिफ्ट आणि पाईपच्या उभ्या डक्टभोवती असतील. फ्लॅटच्या आत मात्र १०० मिमी एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) किंवा जिप्सम बोर्डचं पार्टिशन. ही एक ओळ राहिली तर बाकीच्या सगळ्या अटी कागदावरच राहतील. स्लॅब पोस्ट-टेन्शन असेल तर आणखी एक पथ्य आहे: त्यात ताणलेल्या केबल असतात, नंतर कुणी पाईपसाठी कोअर मारला, म्हणजे स्लॅबला आरपार भोक पाडलं, आणि केबल तुटली तर तो फार गंभीर प्रकार होतो. केबलचा नकाशा सोसायटीकडे कायमचा हवा.

आता बीम. नेहमीच्या नकाशात बीम मधल्या भिंतींच्या डोक्यावर लपवतात. भिंत आहे तोवर ते दिसत नाहीत. भिंत काढली की हॉलच्या मधोमध दीड फुटाचा बीम लटकतो. म्हणून बीम फक्त कायमच्या रेषांवर टाका: बाहेरची भिंत, दोन फ्लॅटमधली भिंत, पॅसेजची भिंत. त्यांच्या मधला स्लॅब एकसंध. मी कॉलमची जाळी साधारण ६.२ मीटरची धरतो. त्यात वर तीन-तीन मीटरच्या दोन खोल्या आणि मधे १०० मिमी पार्टिशन बसतं, आणि खाली स्टिल्टमध्ये दोन कॉलमच्या मधे दोन गाड्या ऐसपैस उभ्या राहतात (एका गाडीची जागा अडीच बाय पाच मीटर धरतात). वरची खोली आणि खालची गाडी एकाच मापाला बसली नाही की कॉलम हॉलच्या कोपऱ्यात घुसतात.

एवढ्या अंतराचा स्लॅब नेहमीच्या १२५ मिमीऐवजी १७५ ते २०० मिमी जाडीचा लागतो. ६५ चौरस मीटरच्या फ्लॅटला ५० मिमी जादा जाडी म्हणजे सव्वातीन घनमीटर जादा काँक्रीट, शिवाय सळई. आतले बीम वाचतात, त्यामुळे थोडं परत मिळतं, पण खर्च वाढतो हे मान्य करूनच चला.

त्याच स्लॅबवर भिंत कुठेही येऊ शकते, हे कन्सल्टंटला डिझाइनच्या वेळीच सांगावं लागतं. प्लॅस्टर धरून साडेचार इंची विटांच्या २.७ मीटर उंच भिंतीचं वजन रनिंग मीटरला साधारण ७५० किलो, १०० मिमी एएसी ब्लॉकचं ३०० किलोच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंना एकेक थर असलेल्या जिप्सम बोर्डच्या पार्टिशनचं जेमतेम ७० किलो. आपल्या लोड कोडमध्ये जागा न ठरलेल्या हलक्या पार्टिशनसाठी, रनिंग मीटरच्या वजनाचा एक तृतीयांश भार दर चौरस मीटरला धरायचा आणि तो १०० किलोपेक्षा कमी नसावा, अशी तरतूद आहे. म्हणजे एएसी ब्लॉकपर्यंत हा हिशेब नीट बसतो, विटांना बसत नाही. त्यामुळे दोन गोष्टी लिहून घ्या: पूर्ण स्लॅबवर दर चौरस मीटरला किमान १०० किलो पार्टिशनचा भार धरला आहे, आणि फ्लॅटच्या आत विटांची भिंत बांधायला कायमची मनाई आहे. दुसरी अट उपविधींत आणि ताबापत्रात दोन्हीकडे हवी. दहा वर्षांनी फ्लॅट विकत घेणाऱ्याला तुमच्या सभेतली चर्चा माहीत नसणार.

डक्टकडे येतो, कारण सर्वात जास्त घरं इथे अडकतात. संडास, बाथरूम, किचन आणि ड्राय बाल्कनी यांचा एक ओला पट्टा ठरवा आणि तो तळापासून गच्चीपर्यंत एकाच रेषेत ठेवा. लवचीकपणाच्या नावाखाली बाथरूम कुठेही हलवू देऊ नका. वरच्याचं बाथरूम खालच्याच्या देवघरावर किंवा पलंगावर आलं की पहिल्या गळतीला भांडण ठरलेलं. पूर्ण फ्लॅटचा स्लॅब संक करून (खालच्या पातळीला टाकून, वर भराव घालून) द्या म्हणजे बाथरूम कुठेही जाईल, असंही काही जण सुचवतात. तसं करू नका. भरावाचं वजन वाढतं, आणि पाणी मुरलं तर ते एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकाला खाली उतरतं, गळती सापडतच नाही.

संक फक्त ओल्या पट्ट्यात, ३०० मिमीच्या आसपास. आडव्या पाईपला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार धरला आणि त्यात चार इंची पाईप, ट्रॅप, वरचा थर बसवला, तर कमोड डक्टपासून दोन-अडीच मीटरपेक्षा लांब जाऊ नये. तेवढ्या परिघात हवी ती मांडणी बदला. संकच्या तळाला साठलेलं पाणी डक्टमध्ये टाकणारा छोटा स्पाऊट ठेवाच. त्यातून पाणी टपकू लागलं की गळती कुणाकडे आहे हे कळतं. टाइल लावण्याआधी संकमध्ये ७२ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन बघायचं.

डक्टची रुंदी आतून किमान ९० सेंटिमीटर हवी, प्रत्येक मजल्यावर उभं राहायला जाळी आणि आत शिरायला दार. बिल्डरला डक्टची जागा विकता येत नाही, म्हणून ती दर नकाशात थोडी थोडी आकसते. सभासदही त्यावर बोलत नाहीत, कारण रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत डक्ट चटई क्षेत्रात येत नाही. उलट आतल्या पार्टिशन भिंतींची जागा मात्र चटई क्षेत्रात धरलेली असते. याचा फायदा असा की उद्या भिंत काढली किंवा घातली तरी तुमचं चटई क्षेत्र तेवढंच राहतं, पुनर्विकासात ज्यावरून सर्वात जास्त वाद होतात तो आकडा हलत नाही.

खिडक्यांचा नियम सोपा आहे. बाहेरची भिंत तीन-तीन मीटरच्या पट्ट्यांत विभागा, म्हणजे दहा फुटी कप्पे. प्रत्येक पट्ट्याला स्वतःची खिडकी, आणि दोन खिडक्यांच्या मधे किमान एक फूट भरीव भिंत. पार्टिशन येऊन टेकेल ते इथे. हॉलला आठ फुटी एकच स्लायडिंग खिडकी दिली की विक्रीच्या चित्रात छान दिसते, पण मग त्या हॉलची दोन भागांत विभागणी कधीच होत नाही. राहण्याच्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र आणि २.४ मीटर रुंदी लागते, म्हणजे तीन मीटरच्या पट्ट्यात खोली निदान ३.२ मीटर खोल हवी. आणि खिडकीपासून साडेसात मीटरपलीकडची जागा उजेडाची धरली जात नाही, तिथे फक्त स्टोअर किंवा कपाटं.

वीज याच पट्ट्यांना धरून. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध पंख्याचा बॉक्स, एक दिवा, एसीच्या पाईपचं भोक आणि बाहेर कठडा. बदलू शकणाऱ्या भिंतीत एकही स्विचबोर्ड नको. सगळे बोर्ड कायमच्या भिंतींवर. फरशी पूर्ण घरभर एकसलग घालून पार्टिशन तिच्यावर उभं करा, म्हणजे काढल्यावर मधे सिमेंटचा पट्टा उरत नाही. कॉलमचं अंतर मोठं असलेला स्लॅब वर्षभरात किंचित खाली वाकतो, म्हणून पार्टिशनच्या डोक्यावर १०-१२ मिमी फट ठेवून ती फोमने भरायची. ब्लॉकची भिंत स्लॅबला घट्ट ठोकली तर वर आडवा तडा ठरलेला आहे. जिप्सम बोर्डबद्दल लोकांची तक्रार असते ती आवाजाची. दोन्ही बाजूंना एकेरी बोर्ड आणि मधे पोकळी असेल तर पलीकडचा खोकलाही ऐकू येतो. दोन्ही बाजूंना दुहेरी बोर्ड आणि मधे ५० मिमी रॉकवूल घातलं की फरक लगेच कळतो. टीव्ही किंवा फडताळ लावायचं असेल तिथे आतून प्लाय द्यायला सांगा.

खोली भाड्याने देणं किंवा आईवडिलांना वेगळी सोय देणं यासाठी लॉबीत दुसरं दार मागू नका. दोन दारं दिसली की महापालिकेच्या नजरेत ते दोन गाळे होऊ शकतात आणि मंजुरीचा घोळ होतो. त्यापेक्षा मुख्य दाराच्या आत चार बाय पाच फुटांची देवडी ठेवा. तिच्यातून एक दार मोठ्या घरात, दुसरं एका पट्ट्याच्या खोलीत. त्या खोलीला ओल्या पट्ट्याला चिकटून स्वतःचं टॉयलेट, आणि चार फुटी ओट्यापुरतं पाणी व ड्रेनेजचं बंद करून ठेवलेलं कनेक्शन. सगळं मिळून १७०-१८० चौरस फूट लागतं. डीबी (विजेचे वितरण बोर्ड) दोन ठेवा, दुसऱ्यावर सबमीटर. मुलं मोठी झाली, शिकायला गेली, परत आली, आजोबांना जिन्याजवळची खोली हवी झाली, तर तीस वर्षांत ही एक देवडी घर चार वेळा बदलू देते. शेजारचे दोन फ्लॅट पुढे जोडायचे असतील तर मधल्या भिंतीत एक मीटर रुंद, वर लिंटेल (आडवी तुळई) टाकलेली जागा काँक्रीटऐवजी ब्लॉकने भरून नकाशावर दाखवून ठेवा. जोडताना महापालिकेची परवानगी तेव्हा घ्यावीच लागेल.

आता अंगण. इथे एक गोष्ट बहुतेक सोसायट्यांना उशिरा कळते. यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे दहा टक्के सामाईक मोकळ्या जागेची सक्ती ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला आहे. तुमचा प्लॉट १,९००चा. म्हणजे कायद्याने तुम्हाला अंगण कुणी देणं लागत नाही. नियमाप्रमाणे चारी बाजूंनी मार्जिन सुटतील, त्यांची बेरीज कागदावर मोठी दिसेल, आणि प्रत्यक्षात इमारतीभोवती गाड्या फिरवायचा एक अरुंद पट्टा उरेल. अंगण हवं असेल तर ते एकत्र, एका बाजूला, मापासकट करारात मागावं लागेल.

किती मोठं? वास्तुविद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत सात घरांमागे आठ बाय आठ मीटरचा चौक आणि असे तीन गट मिळून २१ घरांमागे बारा बाय बाराचा चौक ठेवला. ती घरं एक-दोन मजलीच होती, पण चौकाचा अंदाज घ्यायला ते माप अजून उपयोगी पडतं: बारा मीटर पलीकडून माणसाचा चेहरा ओळखू येतो आणि हाक ऐकू येते. तुम्ही प्लॉटच्या दहा टक्के, म्हणजे १९० चौरस मीटर, बारा बाय सोळाच्या आकारात मागा. अग्निशमनाच्या गाडीचा सहा मीटरचा रस्ता याच्या बाहेर धरा. त्या रस्त्यावर बाक आणि कुंड्या ठेवून त्याला बाग म्हणायची पद्धत आहे, ती कुणालाही करू देऊ नका. आगीच्या वेळी तिथेच गाडी अडते.

दिशा शक्य असेल तर इमारतीच्या पूर्वेला. आपल्याकडे खरा त्रास मार्च ते मे दुपारनंतर असतो. अंगण पूर्वेला असेल तर चारनंतर इमारतीचीच सावली त्यावर पडते आणि मुलं, आजीआजोबा खाली येऊ शकतात. थंडीत सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पश्चिमेला ठेवलं तर नेमक्या खेळायच्या वेळी फरशी तापलेली. उत्तरेला ठेवलं तर डिसेंबरात ओल हटत नाही: पुण्यात तेव्हा भर दुपारीही सूर्य ४८ अंशांवरच असतो, म्हणजे २४ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे एकवीस-बावीस मीटर पसरते आणि तुमचं पूर्ण अंगण झाकते.

अंगण खाणारी गोष्ट म्हणजे पार्किंग. गाडीची जागा साडेबारा चौरस मीटर असली तरी वळायच्या रस्त्यासकट दर गाडीला पंचवीस-सत्तावीस जातात. ५० गाड्या म्हणजे जवळजवळ १,३०० चौरस मीटर. स्टिल्टमध्ये तेवढ्या मावणार नाहीत. मग बिल्डर दोनपैकी एक सुचवेल: यांत्रिक पार्किंग किंवा पूर्ण प्लॉटखाली तळघर. यांत्रिक पार्किंगला देखभाल आणि वीज जाताना बॅकअप लागतो, तरी छोट्या प्लॉटवर मी तेच निवडेन. तळघर असेलच तर अंगणाखालच्या निदान अर्ध्या भागात ते नको. जमिनीत मूळ धरणारं झाड आणि स्लॅबवरचं झाड यांत मोठा फरक आहे. स्लॅबवर झाडाला किमान मीटरभर माती लागते, आणि ओली माती घनमीटरला १,८०० किलोपर्यंत जाते. तेवढा भार आधी धरलेला नसतो, म्हणून शेवटी दीड फूट माती आणि शोभेची झुडपं एवढंच होतं. खऱ्या जमिनीवर बहावा, ताम्हण, बकुळ, कांचन लावा. पिंपळ, उंबर पाण्याच्या टाकीजवळ नकोत. जमीन मोकळी राहिली तर पावसाचं पाणीही तिथेच जिरेल.

एवढं करूनही अंगण ओसाड पडू शकतं. वाड्याचा चौक आणि चाळीची गॅलरी गजबजलेली असायची, कारण प्रत्येकाला दिवसातून दहा वेळा तिथून जावंच लागायचं. सामाईक नळ आणि संडास कुणालाच परत नको आहेत, पण रोज तिथे जायला कारण हवं. म्हणून गेटपासून लिफ्टकडे जाणारी पायवाट अंगणाच्या कडेने काढा, पार्किंगमधून नको. पत्रपेट्या, पार्सल ठेवायचं कपाट आणि नोटीस बोर्ड त्या वाटेवर. कट्टा दीड फूट उंच, निम्म्या कट्ट्याला पाठ हवी, कारण गुडघे दुखणारा माणूस पाठ आणि हाताला आधार असल्याशिवाय बसत नाही. एक नळ, दोन प्लग पॉइंट, आणि तळमजल्यावर एक टॉयलेट. टॉयलेट सगळ्यात आधी कापलं जातं. पण ते नसेल तर ज्येष्ठ अर्ध्या तासात वर जातात, आणि वॉचमन व घरकामाच्या बायकांची काहीच सोय राहत नाही. किचनच्या किंवा हॉलच्या खिडक्या अंगणाकडे वळवल्या तर चौथ्या मजल्यापर्यंत मुलांवर नजर राहते.

जिम आणि छोटा स्विमिंग पूल यांपेक्षा अंगणाला लागून ६०० चौरस फुटांचा हॉल आणि एक पाहुण्यांची खोली मागा. प्रत्येक फ्लॅटमध्ये वर्षातून दहा दिवस लागणारी तिसरी खोली बांधण्याऐवजी सोसायटीची एकच खोली पाळीपाळीने वापरली, तर फ्लॅट थोडा लहान असूनही पुरतो. पॅसेज मात्र किती रुंद मागायचा हे हिशेबाने ठरवा. चार फुटी पॅसेज फक्त जायला, सहा फुटी झाला की खुर्ची टाकून बसता येतं. पण यूडीसीपीआरमध्ये जिने, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी सगळं एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येईल याच्या, हिशेबात येतं (निवासी इमारतीला त्यासाठी प्रीमियम भरून ६० टक्के अॅन्सिलरी म्हणजे पूरक एफएसआय मिळतो), त्यामुळे प्रत्येक मजल्यावरचा रुंद पॅसेज तुमच्याच चटई क्षेत्राशी स्पर्धा करतो. मी लिफ्टसमोरची जागाच फक्त सहा-सात फूट करून तिला खिडकी देईन, बाकी पॅसेज नेहमीसारखा. आणि लिफ्ट गच्चीपर्यंत न्या, नाहीतर वाळवणं आणि कोजागरी तरुणांपुरतीच राहते.

हे सगळं टेंडर काढण्याआधी तुमच्या आर्किटेक्टकडून कागदावर आलं पाहिजे, कारण ऑफर आल्यावर प्रत्येक अट म्हणजे बिल्डरशी नवा सौदा. विकास कराराला चार नकाशे जोडा. पहिल्यात कायमच्या भिंती काळ्या आणि बदलता येणाऱ्या लाल. दुसऱ्यात प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटच्या किमान तीन मांडण्या, पलंग, कपाट, दार कुठे उघडतं यासकट. मांडणी काढून दाखवता आली नाही तर तो फ्लॅट बदलता येणारा नाही, असं समजा. तिसरा आरसीसी कन्सल्टंटचा, स्लॅबवर धरलेल्या भारासह. चौथा अंगणाचा उभा छेद, त्यात मातीची खोली, खाली तळघर आहे की नाही, आणि ‘येथे पार्किंग नाही’ ही ओळ. मंजूर नकाशात पुढे बदल करायचा झाला तर रेराच्या कलम १४प्रमाणे दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची संमती लागते, पण अंगण मंजूर नकाशात अंगण म्हणून दाखवलेलं असेल तरच हे कलम तुमच्या कामाला येतं. नुसतं ‘ओपन स्पेस’ लिहिलेल्या रिकाम्या चौकोनात उद्या गाड्यांच्या रेघा मारायला कुणाची संमती लागणार नाही. म्हणून चौथा नकाशा मंजुरीला जाणाऱ्या संचात घातला आहे का, हे सही करण्याआधी स्वतः उघडून बघा.